नवं पिस्तूल घेण्याआधी आणि घेतल्यानंतर: हौशी नेमबाजांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

दहा मीटर एअर पिस्तूलच्या रेंजवर दर वर्षी तेच घडतं. वर्ष-दीड वर्ष क्लबच्या पिस्तुलावर सराव केलेला कुणीतरी जिल्हा स्पर्धेत चांगला स्कोर करतो, घरचे खूश होतात, लाखाच्या वर रक्कम उभी राहते आणि राज्य स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी नवंकोरं पिस्तूल हातात येतं. स्पर्धेत स्कोर वीस-पंचवीसने घसरतो. मग ग्रिप (मूठ) घासणं, ट्रिगर फिरवणं, साइट (नेम धरायची खूण) हलवणं असं सगळं एकाच वेळी सुरू होतं आणि वर्षाच्या आत ते पिस्तूल विकायला काढलेलं असतं. पिस्तुलात काहीच खोट नसते. क्रम चुकलेला असतो.

मी गेली बरीच वर्षं नोकरी सांभाळून पिस्तूल नेमबाजी करतो आणि पहिल्या खरेदीत यातल्या बहुतेक चुका केल्या आहेत. खाली जो क्रम दिला आहे, तो त्या चुकांतून बसलेला आहे. मुख्य भर दहा मीटर एअर पिस्तूलवर आहे, कारण आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात तिथूनच होते. पंचवीस मीटरच्या पॉइंट टू टू (.२२ बोअरच्या, काडतुसाच्या) पिस्तुलाबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

१. दोष पिस्तुलाचा आहे का, हे आधी तपासा

मागच्या दोन महिन्यांतली टार्गेट्स किंवा इलेक्ट्रॉनिक स्क्रीनचे फोटो काढून बसा. सगळा ग्रुप एकाच बाजूला सरकलेला असेल तर झीरो (साइट आणि शॉट यांचा मेळ) चुकलेला आहे, साइट हलवून तो जागेवर येतो. उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट डावीकडे खाली जात असतील तर ट्रिगर झटक्याने दाबला जातो आहे किंवा सुटताना मूठ आवळली जाते आहे. शॉट वरखाली लांबट पसरत असतील तर साइटवरची नजर, श्वास आणि हात वर नेऊन थांबण्याची जागा तपासायला हवी. यातलं काहीही नव्या पिस्तुलाने सुटत नाही. ही सवय तुमच्याबरोबर नव्या पिस्तुलावर जाते.

एक सोपी चाचणी आहे. क्लबचं पिस्तूल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून, सावकाश, दहा शॉट मारा. ते दहाच्या वर्तुळात किंवा त्याच्या अगदी काठावर जमत असतील तर नळी आणि पेलेट (एअर पिस्तुलाची शिशाची गोळी) ठीक आहेत. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि आतलं, एक्स (अगदी मधोमध लागलेला दहा) मोजण्याचं वर्तुळ ५ मिलिमीटरचं. टेकवून मारताना तिथे जमणारं पिस्तूल हातात घेतल्यावर सातला मारत असेल तर उरलेलं काम हाताचं आहे.

नवं पिस्तूल घेण्याची खरी कारणं अशी असतात: क्लबची ग्रिप हाताला बसत नाही आणि सामाईक असल्याने ती घासता येत नाही, तुम्ही डावखुरे आहात आणि क्लबमध्ये सगळं उजव्या हाताचं आहे, पिस्तूल तिघांत वाटून घ्यावं लागतं, त्यामुळे प्रत्येक वेळी साइट कुणीतरी फिरवलेली असते, पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरची मुदत संपली आहे. माझं मत विचाराल तर ६० शॉटला सलग तीन महिने ५२० च्या वर स्कोर येत नाही, तोवर वरच्यांपैकी एखादं कारण नसेल तर थांबावं. तेच पैसे पेलेट, रेंजची फी आणि प्रशिक्षण यावर जास्त उपयोगी पडतात.

२. स्पर्धा आणि नियम ठरवा, मग मॉडेल बघा

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा मीटर एअर पिस्तूलसाठी हे आकडे पाठ असू द्या:

- कॅलिबर ४.५ मिलिमीटर
- वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम
- पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे
- ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम
- साइट उघडी. भिंग, टेलिस्कोप, लेझर काहीही चालत नाही
- एका वेळी एकच पेलेट भरायचं
- ग्रिप मनगटाला आधार देता कामा नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे

सामना ६० शॉटचा, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटांचा, त्याआधी तयारी आणि सायटरसाठी (न मोजल्या जाणाऱ्या सराव शॉटसाठी) १५ मिनिटं. महिलांचा सामना पूर्वी ४० शॉटचा होता, २०१८ पासून तोही ६० चा झाला. हे खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. दुकानात पाच मिनिटं हलकं वाटणारं पिस्तूल पन्नासाव्या शॉटला कसं वाटतं, हा खरा प्रश्न आहे.

पाच शॉटचं एअर पिस्तूलही बाजारात मिळतं. दहा मीटरच्या नेहमीच्या सामन्यात त्याचा वेगळा काही फायदा नाही, जास्तीचे पैसे मात्र जातात.

> थांबा आणि तपासा: जिल्हा, राज्य, मावळंकर (राष्ट्रीयच्या आधीची पात्रता स्पर्धा) आणि राष्ट्रीय, या साखळीतली तुमची पुढची स्पर्धा कधी आहे ते कॅलेंडरवर लिहा. पिस्तूल हातात येण्याची शक्यता आणि स्पर्धा यांत किमान आठ आठवडे राहत नसतील तर ही स्पर्धा जुन्याच पिस्तुलावर खेळा.

३. हात आणि डोळा मोजा

नवं पिस्तूल म्हणजे निम्मी ग्रिप. स्टेयर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवर्कबाऊ यांतलं कुठलंही चांगल्या अवस्थेतलं मॅच पिस्तूल तुमच्या-माझ्यापेक्षा अचूक मारतं. फरक पडतो तो हातात बसण्याने.

कोऱ्या कागदावर मारण्याचा हात सपाट ठेवा, बोटं एकमेकांना चिकटवून, अंगठा नैसर्गिकपणे बाजूला. पेन्सिल उभी धरून आकार काढा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी आणि बोटांच्या मुळाशी तळव्याची रुंदी लिहा. ग्रिप छोटी, मध्यम, मोठी अशा मापांत येते आणि प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं. एका कंपनीची मध्यम दुसरीच्या छोट्याएवढी निघू शकते. म्हणून विक्रेत्याला नुसतं 'मीडियम द्या' असं सांगू नका, हा कागद द्या.

दोन मापांच्या मधे हात असेल तर मोठी घ्या. लाकूड घासून कमी करता येतं. पुट्टी लावून वाढवताही येतं, पण ते सफाईने जमायला वेळ लागतो.

डोळ्याचं म्हणाल तर, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या स्विचकडे बोट दाखवा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बोट जागेवर राहतं तो तुमचा मुख्य डोळा. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली तर घाबरण्याचं कारण नाही. पिस्तूल हात लांब करून मारतात, त्यामुळे मान थोडी वळवून आणि ग्रिपचा कोन बदलून हे सांभाळता येतं. पण हे पिस्तूल निवडण्याआधी माहीत हवं, कारण मग ग्रिप आडव्या दिशेत फिरवता येणारं मॉडेलच घ्यावं लागतं.

चष्मा असेल तर नंबर आत्ताच तपासून घ्या. पिस्तुलात फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची खूण) स्पष्ट दिसली पाहिजे, काळा (टार्गेटचा मधला काळा गोल) थोडा धूसर असला तरी चालतं. चाळिशीच्या पुढच्यांनी हे डोळ्यांच्या डॉक्टरांना नीट समजावून सांगावं आणि फ्रंट साइटचं अंतर मोजून घेऊन जावं. दोन लाखांच्या पिस्तुलाने जो फरक पडत नाही तो योग्य काचेने पडल्याचं मी पाहिलं आहे.

४. हातात घेऊन पाहा, आणि पाहण्याची पद्धत ठेवा

रेंजवर वेगवेगळी पिस्तुलं असलेले लोक असतात. त्यांच्या सरावाच्या शेवटी विनंती करा. बहुतेक जण आनंदाने दाखवतात. मालकाची ग्रिप आणि ट्रिगर मात्र फिरवू नका.

प्रत्येक पिस्तुलावर तेच तीन प्रयोग करा:

१. डोळे मिटून पिस्तूल दहा वेळा उचला, स्थिर करा, मग डोळे उघडा. फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेत साधारण मधे येते का, ते नोंदवा.
२. टार्गेट उलटं लावून कोऱ्या पांढऱ्या कागदावर वीस शॉट मारा. नेम कुठे धरायचा हा प्रश्न नसल्याने फक्त साइट आणि ट्रिगर कळतो.
३. हात खाली न आणता पन्नास सेकंद धरून पाहा. नळीचं टोक जड वाटतं की मूठ, हे लगेच समजतं.

स्कोर मोजू नका. दुसऱ्याच्या ग्रिपवरच्या दहा शॉटचा स्कोर काहीही सांगत नाही, आणि नेमक्या त्या स्कोरवर भाळून लोक पिस्तूल घेतात.

लहान चणीच्या मुलामुलींसाठी कॉम्पॅक्ट आवृत्त्या येतात. मोठ्या मॅच पिस्तुलाचं वजन साधारण ९०० ग्रॅम ते एक किलोच्या आसपास असतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ते साठ शॉट पेलत नसेल तर तो खांदा उचलून, कंबर मागे टाकून भरपाई करतो आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं मोडत नाही. पालकांनो, 'मोठा झाल्यावरही वापरेल' म्हणून मोठं पिस्तूल घेऊ नका.

ट्रिगर यांत्रिक घ्यावा की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय स्वच्छ सुटतो. त्याला बॅटरी लागते आणि दुरुस्ती घरी होत नाही. यांत्रिक ट्रिगर जुळवायला शिकावं लागतं, पण तो तुम्हाला स्वतःला कळतो. ज्यांच्या गावापासून दुरुस्ती करणारा माणूस दोनशे किलोमीटरवर आहे त्यांना मी यांत्रिक सुचवतो. आणि जे काही घ्याल, ते सामन्याच्या मधे बंद पडलं तर काय करायचं याची तालीम करा. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल क्वालिफिकेशनच्या मधेच बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि ती ५७५ गुणांवर बाराव्या स्थानी राहिली. फायनलला आठच जातात. तीच मुलगी २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात कांस्य घेऊन आली.

५. कागदपत्रं: पैसे देण्याआधी

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. मॅच एअर पिस्तूल यात आरामात बसतं: अर्धा ग्रॅम वजनाचं पेलेट सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतं, म्हणजे ऊर्जा साधारण सहा ज्यूल. तरीही हे सगळं हवं:

- अधिकृत विक्रेत्याचं बिल, त्यावर तुमचं नाव आणि पिस्तुलाचा अनुक्रमांक
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- जिल्हा किंवा राज्य संघटनेचं सदस्यत्व, राष्ट्रीय रायफल संघटनेचं नेमबाज ओळखपत्र

बिलाच्या दोन प्रती काढा. एक कायम पिस्तुलाच्या पेटीत, दुसरी घरी. रेल्वेत किंवा नाक्यावर पेटी उघडायला सांगितली तर पोलिसांना आतली वस्तू पिस्तूलच दिसणार आहे. तेव्हा बिल आणि ओळखपत्र हातात असलं की पाच मिनिटांत विषय संपतो.

> इशारा: 'भाऊ दुबईहून येतोय, सामानात टाकून आणेल' हे करू नका. शस्त्रांच्या आयातीवर बंधनं आहेत आणि कस्टम्समध्ये पिस्तूल अडकलं की पैसे, वेळ आणि मनःस्थिती, तिन्ही जातात. आयात विक्रेत्यामार्फत किंवा संघटनेच्या रीतसर वाटेनेच करा.

६. ताब्यात घेताना

पेटी दुकानातच उघडा. फिलिंग अडॅप्टर, ॲलन की, सुटे ओ-रिंग, पुस्तिका आणि कारखान्यातलं टेस्ट टार्गेट आहे का बघा. नवं असो वा जुनं, सिलिंडरवर कोरलेली निर्मितीची तारीख वाचा. बहुतेक कंपन्या सिलिंडर दहा वर्षांपर्यंतच वापरायला सांगतात. जुन्या पिस्तुलाच्या सौद्यात लोक नळीत डोकावतात आणि ही तारीख वाचत नाहीत. मग स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाला लगेच दोन नवे सिलिंडर घ्यावे लागतात. 'नवं' म्हणून विकलेलं पिस्तूलही गोदामात तीन वर्षं पडलेलं असू शकतं.

गळती तपासायला सिलिंडर भरून दाब लिहून ठेवा आणि चोवीस तासांनी पुन्हा पाहा. हवा भरताना व्हॉल्व्ह सावकाश उघडा. भसकन भरलं की सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. सिलिंडरवर लिहिलेल्या दाबाच्या वर, सहसा २०० बार, कधीही जाऊ नका.

> इशारा: फक्त कोरडी, स्वच्छ, दाबाखालची हवा. ऑक्सिजन कधीही भरू नका, स्फोट होऊ शकतो. फिलिंगच्या जोडांना साधं तेल किंवा ग्रीसही लावू नका.

७. जुळवणी: क्रम मोडू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. क्रम असा: ग्रिप, ग्रिपचा कोन, ट्रिगरची जागा, ट्रिगरचं वजन, साइटची रुंदी आणि सगळ्यात शेवटी झीरो. लोक उलटीकडून सुरू करतात. पहिल्याच दिवशी झीरो करतात, दुसऱ्या दिवशी ग्रिप घासतात, आणि ग्रिप बदलली की झीरोही हलतो. मग पिस्तूल 'धरत नाही' अशी तक्रार सुरू होते.

*ग्रिप.* दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढून धरा आणि अंगठा-तर्जनीमधली बेचकी ग्रिपच्या मागे जमेल तितकी वर बसवा. नळीची रेघ मनगटातून कोपरापर्यंत सरळ पुढे चालली पाहिजे. पकड मुख्यतः मधल्या बोटाची, अनामिका साथीला. करंगळी आणि अंगठा जवळजवळ नुसते टेकलेले. तळव्याखालची फळी अशी लावा की हात बसेल, पण आवळला जाणार नाही. तिथे कागदाची पट्टी सरकवता आली पाहिजे.

कुठे टोचतं ते कळण्यासाठी हाताला खडूची पूड लावून पिस्तूल दहा वेळा उचला. ग्रिपवर जिथे गडद ठसा उमटतो तिथे दाब आहे. तिथलं लाकूड बारीक सँडपेपरने अगदी थोडं काढा. एका बैठकीत एकच जागा. त्यानंतर तीन सराव होईपर्यंत पुन्हा हात लावू नका, कारण हातही नव्या आकाराला सरावत असतो. घासण्याआधी फोटो काढा.

*कोन.* आता पुन्हा डोळे मिटून उचलण्याचा प्रयोग. फ्रंट साइट दर वेळी खाचेच्या एकाच बाजूला येत असेल तर ग्रिपचा आडवा कोन, वरखाली येत असेल तर उभा कोन बदला. एका वेळी एकच स्क्रू, थोडंसंच वळण. मनगट वाकवून साइट जुळवण्याची सवय लागली तर विसाव्या शॉटनंतर मनगट दमतं आणि शॉट सुटताना साइट बाजूला पळते.

*ट्रिगरची जागा.* तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग पात्यावर यावा आणि बोट सरळ मागे यावं. बोटाचं मूळ ग्रिपला घासत असेल तर तिथलं लाकूड काढा. घासणारं बोट पिस्तूल आडवं ढकलतं, ते साइटमध्ये दिसत नाही पण टार्गेटवर दिसतं.

*ट्रिगरचं वजन.* नेमकं ५०० ग्रॅम ठेवू नका. तापमान, धूळ आणि झिजेमुळे ते हलतं आणि तपासणीत वजन उचललं गेलं नाही की त्रास. ५१० ते ५२० ठेवा. तपासताना नळीत पेलेट नसल्याची खात्री करा, पिस्तूल नळी वर करून उभं धरा, ट्रिगरच्या मध्यावर ५०० ग्रॅमचं वजन अडकवा आणि टेबलावरून सरळ उचला. तीनदा उचललं गेलं पाहिजे. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो. पहिल्या टप्प्याला वजनाचा मोठा वाटा द्या आणि दुसऱ्याला थोडा. मी साधारण ३८० आणि १३५ असं ठेवतो. पहिला टप्पा हलका ठेवून दुसरा जड केला की तो फोडायला बोट झटका देतं.

*साइट.* फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना खाचेत पांढरा प्रकाश दिसला पाहिजे, एकेका बाजूला फ्रंट साइटच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. फारच बारीक फट ठेवली की डोळा ती मोजत बसतो आणि शॉटला उशीर होतो. काळ्याला फ्रंट साइट चिकटवू नका. मधे पांढरी पट्टी ठेवा. काळा ५९.५ मिलिमीटरचा आहे, त्यावर टेकवून नेम धरायला गेलं की डोळा काळ्यावर जातो आणि साइट धूसर होते.

*झीरो.* दहा शॉटचा ग्रुप पाहून मगच साइट हलवा. मागची साइट ज्या दिशेला जाईल त्या दिशेला शॉट जातात. स्क्रूवरच्या बाणांचा आणि अक्षरांचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो, म्हणून पहिल्यांदा मुद्दाम दहा क्लिक फिरवून कागदावर दिशा पक्की करा आणि पेटीच्या झाकणात लिहून ठेवा. सामन्याच्या घाईत उलटा फिरवलेला स्क्रू मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

> थांबा आणि तपासा: प्रत्येक बदल तारखेसह वहीत: कुठला स्क्रू, किती वळण, का. आठवड्याने 'आधी बरं होतं' वाटलं तर परत जायला वाट हवी.

पेलेटचा विषय लवकर आटपतो. चपट्या डोक्याचंच घ्या, कारण ते कागदावर स्वच्छ भोक पाडतं. डोक्याचा व्यास ४.४९ आणि ४.५० असे दोन-तीन प्रकार आणा, पिस्तूल टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा शॉट मारा, जे जास्त जमतं त्याच बॅचचे डबे घ्या. पिस्तुलात यापेक्षा जास्त शोधाशोध करण्यात अर्थ नाही. पेलेट शिशाचं असतं. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका, पाणीही पिऊ नका.

८. नव्या पिस्तुलावर येण्याचे आठ आठवडे

पहिले दोन आठवडे ड्राय फायर (पेलेट न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव) आणि पांढरा कागद. रोज घरी वीस-पंचवीस मिनिटांचं ड्राय फायर, पिस्तूल ड्राय फायर स्थितीत आणून, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीकडे तोंड करून. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात टार्गेट लावा, पण दहा-दहा शॉटच्या सिरीजमध्ये, मधे विश्रांती घेत. पाचव्यापासून आठवड्याला एक पूर्ण सामना: १५ मिनिटं सायटर, ७५ मिनिटांत ६० शॉट, घड्याळ समोर. सातव्या आठवड्यानंतर कुठल्याही स्क्रूला हात लावू नका.

स्कोर पहिले तीन आठवडे पडतो. तेव्हा जुनं पिस्तूल परत बाहेर काढण्याचा मोह होतो आणि बरेच जण एक दिवस हे, एक दिवस ते असं करतात. हाताला कुठल्याच ट्रिगरची ओळख पटत नाही. जुनं पिस्तूल क्लबमध्ये जमा करा.

९. तपासणीची रंगीत तालीम घरीच

पुठ्ठ्याची पेटी बनवा, आतून ४२० × २०० × ५० मिलिमीटर. ग्रिप वाढवली असेल किंवा तळव्याची फळी बाहेर काढली असेल तर ५० मिलिमीटरची जाडी हमखास ओलांडली जाते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन बघा. बूट घोटा झाकणारे नकोत. न वापरायच्या डोळ्यापुढची पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको. नळीत घालायचा ठळक रंगाचा सेफ्टी फ्लॅग बरोबर हवा, आणि तो घरापासूनच पिस्तुलात घालून नेण्याची सवय लावा.

१०. स्पर्धेचा दिवस आणि प्रवास

बॅगेत भरलेले दोन सिलिंडर, ॲलन कीचा संच, सुटी बॅटरी, एकाच बॅचचे दोन डबे, स्क्रू ड्रायव्हर, वही, कागदपत्रं. उन्हाळ्यात पिस्तूल गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका. बंद गाडीत भरलेला सिलिंडर तापणं धोक्याचं आहे आणि ट्रिगरही बदलतो. कोकणात आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर आठवड्याला बदला. घामाचा हात लागलेला प्रत्येक धातूचा भाग घरी आल्या आल्या कोरड्या फडक्याने पुसा.

विमानाने जाताना पिस्तूल चेक-इन सामानातच जातं. काउंटरवर आधी जाहीर करा, सिलिंडर काढून रिकामा केलेला ठेवा, एअरलाइनचे नियम तिकीट काढतानाच फोन करून विचारा आणि दोन तास जास्त हाताशी ठेवा.

लेनवर काही बिघडलं तर नळी टार्गेटकडेच ठेवा, पिस्तूल टेबलावर ठेवा, हात वर करा आणि रेंज ऑफिसरला बोलवा. स्वतः उघडायला बसू नका, पिस्तूल घेऊन मागे तर मुळीच वळू नका.

११. दुसरं पिस्तूल: पॉइंट टू टू

पंचवीस मीटरला जायचं असेल तर सगळं गणित बदलतं. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकल्यापासून कोल्हापूर-पुण्याकडच्या बऱ्याच मुलींना हा प्रकार खुणावतो, आणि त्यात एअर पिस्तुलाचा पाया उपयोगी पडतोच. पण हे अग्निशस्त्र आहे. परवाना लागतो: पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, इतर ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलीस पडताळणी, आणि परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला युनिक क्रमांक. वय २१ पूर्ण हवं. त्याखालच्यांसाठी ज्युनियर टार्गेट शूटरची वेगळी तरतूद आहे, ती क्लबमार्फत समजून घ्या.

नियमांचे आकडेही वेगळे: वजन १४०० ग्रॅमपर्यंत, पेटी ३०० × १५० × ५० मिलिमीटर, ट्रिगर किमान १००० ग्रॅम, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत. ट्रिगर दुप्पट जड, शिवाय झटका, शिवाय सामन्याच्या रॅपिड टप्प्यात तीन सेकंदांत हात वर नेऊन शॉट. क्रम असा ठेवा: आधी क्लबच्या शस्त्रावर सहा महिने, मग परवान्याचा अर्ज, परवाना हातात आल्यावरच मॉडेलची चर्चा. परवान्याआधी कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका. काडतुसांचा पुरवठा कुठून आणि किती होणार, हेही त्याच वेळी क्लबच्या सचिवांना विचारून घ्या.

घरात कुलूपबंद कपाट आधी बसवा. पिस्तूल एका कप्प्यात, काडतुसं दुसऱ्यात, किल्ल्या तुमच्याकडे. एअर पिस्तुलालाही हाच नियम लावा. दहा मीटरवरून कागदाला भोक पाडणारं पेलेट मुलाच्या डोळ्याचं काय करेल, हे वेगळं सांगायला नको.